चिमुकल्यांसाठी समुद्रकिनारा कसा निवडावा

एक ते तीन वर्षांच्या मुलाला घेऊन समुद्रावर जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती कुठला किनारा जास्त सुंदर याची. फोटो बघितले जातात, कुणी निळ्या पाण्यावर भाळतं, कुणी सूर्यास्तावर. ज्याच्यासाठी एवढा घाट घालायचा त्या मुलाला यातलं काहीच नको असतं. त्याचा समुद्र म्हणजे ओल्या वाळूचा एक पट्टा आणि त्यावर येऊन परत जाणारं घोट्याएवढं पाणी. हा पट्टा जिथे रुंद, सपाट आणि शांत असेल तो किनारा लहान मुलांसाठी चांगला. देखावा तुमच्यासाठी, तो मिळाला तर मिळाला.

आता खरी गोम अशी की हा पट्टा दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी नऊला जिथे मूल बसून बादली भरत होतं तिथे दुपारी बाराला तुमच्या कमरेएवढं पाणी असू शकतं. त्यामुळे नुसता किनारा निवडून भागत नाही, वेळही निवडावी लागते. नवखे आईबाबा बहुतेक इथेच फसतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत: आधी घरबसल्या करायची निवड, मग तिथे पोचल्यावरची पाहणी, मग प्रत्यक्ष दिवस.

पायरी १: अंतर मोजा, पण योग्य ठिकाणचं

प्रवासाचे तास सगळेच मोजतात. तासा-दीड तासाच्या आत पोचता येईल असा किनारा बरा, कारण मुलाचा उत्साह गाडीतच संपला तर वाळूवर उरते ती किरकिर. पण त्याहून महत्त्वाची दोन अंतरं कुणी मोजत नाही. पहिलं, गाडी लावायच्या जागेपासून वाळूपर्यंतचं. एका कडेवर मूल, दुसऱ्या खांद्यावर पिशव्या, हातात छत्री अशा अवस्थेत पाचशे मीटर आणि वर पायऱ्या म्हणजे परीक्षाच. दुसरं, तुम्ही बसणार तिथून स्वच्छतागृहापर्यंतचं. नुकतंच शू सांगायला शिकलेलं मूल तुम्हाला फार तर दोन मिनिटं देतं.

स्वच्छतागृह, गोड्या पाण्याचा नळ आणि सावली या तीन गोष्टी असलेला साधासा किनारा, यांपैकी काहीच नसलेल्या अप्रतिम किनाऱ्यापेक्षा बरा. निर्जन किनाऱ्याचा मोह तर पार सोडून द्या. तिथे मदतीला माणूस नसतं आणि मोबाइलची रेंजही असेलच असं नाही. चार कुटुंबं आधीच जात असलेली जागा बघा. त्यातली मुलं तुमच्या मुलाची बादली पळवतील एवढाच काय तो त्रास.

पायरी २: नकाशावरचा उपग्रह-फोटो वाचायला शिका

मोबाइलमधल्या नकाशात उपग्रहाचा फोटो दिसतो. त्यावरून किनाऱ्याबद्दल जेवढं कळतं तेवढं दहा प्रवासवर्णनांतून कळत नाही. चार गोष्टी पाहा.

आधी आकार. सरळसोट, उघड्या समुद्राकडे तोंड केलेल्या किनाऱ्यावर लाटा थेट येऊन धडकतात. आत वळलेल्या, दोन्ही बाजूंना टेकड्या किंवा भूशिरं असलेल्या उपसागरात त्यांचा जोर मोडतो. अशा वळणात एक टोक दुसऱ्यापेक्षा शांत असतं, आणि ते बहुधा भूशिराच्या आडोशाचं टोक असतं. किनाऱ्यासमोर बेट किंवा खडकांची रांग असेल तर तिच्या मागचं पाणीही बऱ्याचदा शांत मिळतं.

मग फेसाच्या पांढऱ्या रेषा. एकामागे एक अशा बऱ्याच रेषा रुंद पट्ट्यात दिसत असतील तर तळ हळूहळू खोल होतो आहे. लाटा लांबवरच फुटतात आणि किनाऱ्यापर्यंत येताना दमलेल्या असतात. याउलट वाळूला खेटून एकच जाड पांढरी रेषा असेल तर पाणी तिथे एकदम खोल होत जातं आणि लाट थेट काठावर आपटते. फोटो एखाद्याच दिवसाचा असतो, म्हणून शक्य असेल तिथे जुने फोटोही चाळा.

तिसरी गोष्ट खाडी, नदी किंवा नाल्याचं मुख. गोड्या पाण्याचा उथळ ओहोळ वाळूतून वाहताना फार गोजिरवाणा दिसतो आणि मुलं त्याच्याकडेच धावतात. पण ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडातून पाणी जोरात बाहेर ओढलं जातं, तिथला तळ दर हंगामाला बदलतो, आणि वस्तीतलं सांडपाणीही त्याच वाटेने येतं. अशा मुखापासून चांगलं काही शे मीटर लांब राहा.

चौथी, धक्का किंवा दगडी बांध. त्यांना लागून पाण्याची ओढ तयार होते आणि नावांची ये-जाही असते. मुलाला नाव दाखवायची असेल तर धक्क्यावर न्या. पाण्यात खेळायला दुसरी जागा शोधा.

पायरी ३: उतार आणि वाळूचा दाणा

बारीक वाळूचे किनारे साधारणपणे सपाट असतात, जाड्या भरड्या वाळूचे आणि गोट्यांचे चढे असतात. लाटेचं पाणी भरड वाळूत लगेच मुरतं, परत जाताना वाळू ओढून न्यायला ते पुरेसं उरत नाही, म्हणून काठावर ढीग साचून उतार वाढतो. त्यामुळे फोटोत वाळू मऊ, गच्च बसलेली आणि ओली चकचकीत दिसत असेल, लोक तिच्यावर सायकल चालवत असतील, तर तो किनारा तुमच्या यादीत वर घ्या.

चढा किनारा वाईट का, हे एकदा मुलाच्या उंचीवरून समजून घ्या. दीड-दोन वर्षांचं मूल जेमतेम ऐंशी ते नव्वद सेंटिमीटर उंच असतं. तुमच्या गुडघ्याएवढं पाणी त्याच्या कमरेच्या वर जातं. सपाट किनाऱ्यावर तेवढी खोली गाठायला वीस-तीस पावलं आत जावं लागतं, चढ्या किनाऱ्यावर दोन पावलं पुरतात. शिवाय चढावरून परत फिरणारं पाणी पायाखालची वाळू काढून घेतं. मोठ्या माणसाला त्याने गुदगुल्या होतात, लहान मूल त्याने बसकण मारतं आणि पुढची लाट त्याच्या तोंडावर येते.

गोट्यांचा किनारा दिसायला छान, पण चालायला नुकतंच शिकलेल्या मुलासाठी नकोच. खडकांतली डबकी मात्र ओहोटीला बघण्यासारखी असतात. तिथे जायचंच असेल तर मुलाला पायात बूट हवेत आणि हात तुमच्या हातात हवा, कारण हिरवं शेवाळ निसरडं असतं आणि खडकाला चिकटलेले शिंपले ब्लेडसारखे कापतात.

पायरी ४: भरती-ओहोटीचं वेळापत्रक

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

बहुतेक किनाऱ्यांवर २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास, आणि रोज हे सगळं सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतं. या शनिवारी सकाळी आठला भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळेला जवळजवळ ओहोटी असेल. म्हणून ‘मागच्या आठवड्यात शेजारी गेले होते, फार छान होतं’ या माहितीला वेळेशिवाय काही अर्थ नाही.

सगळे समुद्र सारखे नसतात हेही ध्यानात घ्या. भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर भरती-ओहोटी इतकी कमी असते की सुट्टीवर आलेल्यांना ती जाणवतही नाही, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. काही ठिकाणी दिवसातून एकदाच भरती येते. म्हणून ज्या किनाऱ्यावर जाणार आहात त्याच्या जवळच्या बंदराचंच वेळापत्रक बघा. त्यात वेळेबरोबर मीटरमध्ये उंचीही दिलेली असते. भरतीच्या आणि ओहोटीच्या उंचीतला फरक जितका कमी, तितका तुमचा दिवस सोपा.

हा फरक चंद्रावर ठरतो. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं: पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास, चंद्र अर्धा दिसतो तेव्हा, भांगाची भरती असते. तिचा पल्ला कमी. लहान मुलांसाठी हेच दिवस निवडावेत. उधाणाच्या भरतीला काही किनाऱ्यांवर कोरडी वाळूच उरत नाही, आणि ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की मुलाला उचलून तिथवर नेण्यातच तुमचा दम निघतो.

आता चढण्याचा वेग. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. ढोबळ हिशेब असा: एकूण चढावाचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढून येतं. समजा एकूण चढाव तीन मीटरचा आहे आणि किनारा इतका सपाट की पन्नास मीटरला एक मीटर उतार. मग त्या दोन तासांत पाण्याची कड पंचाहत्तर मीटर पुढे येईल, दर मिनिटाला अर्ध्या मीटरहून जास्त. तुम्ही डबा उघडून मुलाला भरवत बसलात तर खाऊ संपेपर्यंत चपला तरंगायला लागतील.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे वाळूचे उंचवटे. ओहोटीला समुद्रात थोडं आत वाळूची पाठ उघडी पडते आणि मधली चर कोरडी किंवा उथळ असते. लोक मुलांना घेऊन तिथे जातात. भरती सुरू झाली की पाणी आधी त्या मधल्या चरीत भरतं, म्हणजे तुमच्या पाठीमागून. समोरच्या लाटांकडे बघणाऱ्याला ते उशिरा कळतं. मुलाबरोबर अशा उंचवट्यावर जाऊच नका.

मग कुठली वेळ चांगली? माझं मत स्पष्ट आहे: भरती होऊन गेल्यावर एक-दीड तासाने पोचावं. पाणी उतरत असतं, मागे ओली, गच्च, किल्ले करायला उत्तम वाळू ठेवत जातं, आणि चटई कुणी उचलायला लावत नाही. बऱ्याच किनाऱ्यांचा वरचा भाग चढा आणि खालचा सपाट असतो, त्यामुळे ऐन भरतीला लाटा चढावर आपटतात आणि पाणी उतरल्यावर सपाटीवर पसरतात, हा आणखी एक फायदा. दोन-अडीच तास खेळून अगदी तळाची ओहोटी यायच्या आत उठावं. ही वेळ सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यानंतर येईल असा दिवस शोधा, म्हणजे ऊनही टळतं. महिन्यात असे दिवस मोजकेच असतात, पण असतात.

पायरी ५: आदल्या रात्री वारा, लाटा आणि पाऊस

हवामानाच्या अंदाजात लाटांची उंची दिलेली असते. तो आकडा सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो; सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. मधूनच एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते. चिमुकल्यांसाठी अर्धा मीटर किंवा त्याहून कमी असा अंदाज असलेला दिवस धरा. दोन लाटांमधला काळ सेकंदांत दिलेला असतो, तोही बघा. दहा-बारा सेकंदांच्या वर गेला तर लाट ठेंगणी दिसूनही वाळूवर बरीच वरपर्यंत धावत येते.

वारा साधारणपणे सकाळी मंद असतो. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी जोर धरतो. वाळू डोळ्यांत उडायला लागते ती तेव्हा. उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा फसवा. त्याने पाणी आरशासारखं गुळगुळीत दिसतं, पण हवेची खेळणी, चेंडू, रबरी ट्यूब सगळं भराभर आत जातं आणि ते आणायला मोठी माणसं पाण्यात शिरतात. चेंडू गेला तर गेला. हवा भरलेलं तरंगतं खेळणं लहान मुलाबरोबर समुद्रावर नेऊच नये, या मताचा मी आहे.

जोरदार पाऊस पडून गेला असेल तर पुढचे दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका. रस्त्यांवरची घाण आणि गटारांचं पाणी समुद्रात आलेलं असतं, आणि या वयाची मुलं पाणी तोंडात घेतल्याशिवाय राहत नाहीत. वीज कडाडताना ऐकू आली की लगेच वाळू सोडून इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं; शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत परतायचं नाही.

पायरी ६: जीवरक्षक, झेंडे आणि मानांकन

जीवरक्षक असलेला किनारा निवडा आणि त्यांच्या कामाच्या वेळेत जा. पोचल्यावर त्यांना सरळ विचारा: ‘आज लहान मुलांसाठी कुठलं टोक बरं?’ रोज तिथे उभ्या असलेल्या माणसाला कालपासून चर कुठे सरकली हे ठाऊक असतं. ते कुठल्याही अॅपमध्ये मिळत नाही.

झेंड्यांची पद्धत बऱ्याच देशांत सारखी आहे. वर लाल, खाली पिवळा असा झेंडा म्हणजे जीवरक्षकांची नजर असलेला भाग, दोन झेंड्यांच्या मधे राहायचं. नुसता पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद. जांभळा जेलीफिशसारख्या डंख करणाऱ्या जीवांसाठी. काळे-पांढरे चौकोन असलेला झेंडा लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या आणि होड्यांचा भाग दाखवतो. तिथून मुलांना लांब ठेवा. स्थानिक फरक असतात, म्हणून प्रवेशाजवळचा फलक वाचाच. लाल झेंडा असताना ‘फक्त पाय भिजवू’ असं म्हणू नये. पाय भिजवणारा जेव्हा नव्वद सेंटिमीटरचा असतो तेव्हा ती पळवाट लागू होत नाही.

‘ब्लू फ्लॅग’ मानांकन ऐकलं असेल. फाउंडेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन ही संस्था ते देते. त्याची सुरुवात १९८५ मध्ये फ्रान्समध्ये झाली. पाण्याची तपासणी, स्वच्छतागृहं, सुरक्षेची सोय अशा बाबी त्यात बघितल्या जातात, त्यामुळे सोयींच्या बाबतीत ते कामाचं आहे. मात्र त्या दिवशी लाटा केवढ्या, उतार किती, हे ते सांगत नाही.

पायरी ७: पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं बघा

सामान खाली ठेवा, मूल कडेवरच असू द्या, आणि थोड्या उंच जागेवरून पाणी बघा. लाटा फुटताना पांढऱ्या पट्ट्यात मधेच एखादी गडद, शांत वाट दिसते का? फेस किंवा काडीकचरा तिच्यातून समुद्राकडे चाललेला दिसतो का? ती पाण्याची परतीची ओढ, जिला रिप करंट म्हणतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला चर शोधतं आणि तिच्यातून वेगाने आत वाहतं. जोराची ओढ सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकते, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिच्याविरुद्ध पोहता येत नाही. घात असा की नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते आणि तो मुलाला घेऊन तिथेच उतरतो. अशा जागेपासून दूर, जिथे फेसाळ पाणी सपाटीवर पसरतंय तिथे जा. स्वतः कधी ओढीत सापडलात तर उलट पोहण्यात शक्ती घालवू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर निघा.

मग वाळू. तिच्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवता येत नसेल तर ती मुलाच्या तळव्यांना भाजेल. कोरडी वाळू, विशेषतः काळसर, भर उन्हात पन्नास अंशांच्याही वर जाते. बसायच्या जागेभोवती काचा, गळ, जाळीचे तुकडे, सिगारेटची थोटकं शोधा. मूल सगळं तोंडात घालणार, हे गृहीत धरून शोधा. काठावर वाहून आलेले पारदर्शक गोळे दिसले तर त्यांना हात लावू देऊ नका, कारण मेलेला जेलीफिशही डंख करतो. डंख झालाच तर ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका, आणि जीवरक्षकाकडे जा. श्वासाला त्रास, सर्वांगाला सूज किंवा सतत उलट्या दिसल्या तर थेट दवाखाना.

पायरी ८: बस्तान कुठे मांडायचं

वाळूवर शेवाळ, शिंपले, काटक्या यांची एक वेडीवाकडी रेषा असते. मागची भरती तिथवर आली होती. बस्तान त्या रेषेच्या वर. जीवरक्षकाच्या मनोऱ्याजवळ बसलात तर परत सापडायलाही सोपं जातं. मातीच्या किंवा वाळूच्या कड्याखाली सावली दिसली तरी तिथे बसू नये, दरड कोसळू शकते.

पोचल्या पोचल्या मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढून ठेवा आणि दंडावर किंवा मनगटी पट्टीवर तुमचा फोन नंबर लिहा. मूल नजरेआड झालं तर पहिली धाव पाण्याकडे, बाकीची शोधाशोध नंतर; त्याच वेळी दुसऱ्याने जीवरक्षकाला सांगायचं. कपडे भडक केशरी, पोपटी किंवा गुलाबी घ्या. निळा आणि पांढरा रंग पाण्यात विरघळल्यासारखा दिसेनासा होतो.

पायरी ९: पाण्याजवळ कसं वागायचं

मुलाच्या आणि समुद्राच्या मधे तुम्ही. हा एक नियम पाळला तर बरंच साधतं. मूल वाळूत खेळत असतं, तुमचं तोंड त्याच्याकडे असतं आणि लाट पाठीमागून येते, म्हणून थोडं तिरपं उभं राहा, म्हणजे दोन्हीकडे नजर राहील. अंतर हात पुढे केला की मूल धरता येईल एवढंच. लहान मूल अगदी थोड्या सेंटिमीटर पाण्यात आणि आवाज न करता बुडू शकतं. ओरडणं, हात हलवणं असं काही होईल या भरवशावर राहू नये.

मोठी माणसं चार असली की धोका कमी होतो असं वाटतं. होतं उलटंच, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून लक्ष ठेवणारा एकच ठरवा, त्याच्या हातात फोन नको, आणि पाळी बदलताना तोंडाने बोलून बदला: ‘आता तू बघ.’ ‘बघतो.’ दंडावरच्या फुग्यांच्या पट्ट्या हे खेळणं आहे, सुरक्षेचं साधन नाही. लाइफ जॅकेट घालणार असाल तर मुलाच्या मापाचं हवं. खांद्याशी धरून वर उचलल्यावर ते कानापर्यंत सरकत असेल तर ते मोठं आहे.

बरीच मुलं पहिल्यांदा समुद्र बघून घाबरतात. आवाज मोठा असतो, जमीन हलत असते. ओढून पाण्यात नेऊ नका, ‘भित्रा’ म्हणून हसू नका. पाण्यापासून लांब वाळूत परातीएवढा उथळ खड्डा करा, बादलीने त्यात पाणी आणा आणि बसू द्या. पुष्कळ मुलांना तेवढंच पुरतं, आणि खरं सांगायचं तर आईबाबांचा जीवही थाऱ्यावर राहतो. नजर मात्र या खड्ड्यावरही हवी. मोठी भावंडं खोल खड्डे खणत असतील तर त्यांना आवरा: मुलांतल्या सर्वांत ठेंगण्याच्या गुडघ्याहून खोल नको. वाळूच्या भिंती पूर्वसूचना न देता ढासळतात आणि खाली दबलेल्याला बाहेर काढणं भयंकर अवघड जातं.

ओठ निळसर दिसले किंवा मूल कुडकुडायला लागलं की लगेच बाहेर. लहान शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर गार पडतं, ऊन असलं तरी.

पायरी १०: ऊन

साधी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीहून आखूड झाली की ऊन कडक आहे. साधारण सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ टाळा. छत्रीखाली बसलं म्हणजे झालं असं नाही, कारण कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के परत फेकतो. पातळ ढगांनीही ते अडत नाहीत. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि मानेवर झालर असलेली टोपी हे सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं, ते पुसलं जात नाही.

सनस्क्रीन ३० किंवा अधिक एसपीएफचं, घरून निघतानाच लावायचं आणि दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. कान, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग विसरला जातो. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनच्या भरवशावर उन्हात नेऊ नये, त्याला सावलीतच ठेवावं. बाबागाडीवर जाड कपडा टाकून सावली करू नका, आत हवा कोंडते आणि गाडी तापते.

सामानाची यादी मुद्दाम लांबवत नाही. पाणी लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. पोहण्याचा वेगळा डायपर हवा. साधा डायपर पाणी शोषून ढोल होतो. पोहण्याच्या डायपरमध्ये शू थांबत नाही, त्यामुळे तो पाण्यात उतरायच्या अगदी आधी घाला, गाडीत नको. खेळणी जाळीच्या पिशवीत ठेवा, वाळू आपोआप गळून जाते. बाबागाडी कोरड्या वाळूत ढकलली की रुतते. उलटी फिरवून ओढली तर येते.

पायरी ११: निघायची वेळ

मूल दमायच्या आधी निघा. दोन ते तीन तास पुष्कळ झाले. ‘एवढ्या लांब आलोय तर’ हा विचार मोठ्यांचा असतो. आधी सांगा, ‘अजून पाच बादल्या, मग घरी,’ आणि पाचव्या बादलीला खरंच उठा.

अंग आधी गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं तर काखेत आणि जांघेत लालसर होतं. नळ नसेल तर वाळू घासून काढू नका. अंग कोरडं करून मक्याच्या पिठीची पावडर लावली की ती अलगद झटकली जाते. डोळ्यांत वाळू गेली तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार सोडा. खणलेले खड्डे बुजवा, अंधारात कुणाचा तरी पाय त्यात जातो. मुलाच्या नाकातोंडात बरंच पाणी गेलं असेल तर पुढचे काही तास लक्ष ठेवा: खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालत असेल किंवा मूल नेहमीपेक्षा गुंगीत वाटत असेल तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

दिवस चांगला गेला असेल तर किनाऱ्याच्या नावाबरोबर त्या दिवशीच्या भरतीची वेळ आणि उंचीही फोनमध्ये लिहून ठेवा. साधारण पंधरा दिवसांनी भरती पुन्हा त्याच सुमाराला येते, तेव्हा पुढची तारीख शोधायला वेळापत्रक पहिल्यापासून चाळावं लागणार नाही.